मागचे दोन स्पीकर कपाटावरून उतरवा

तुमच्या घरी होम थिएटर असेल तर एक काम करा. हा लेख इथेच सोडा, हॉलमध्ये जा आणि त्याचे मागचे दोन स्पीकर कुठे आहेत ते बघून या.

आलात? टीव्हीच्या बाजूला, एकमेकांना चिकटून होते ना? नाहीतर कपाटावर, तोंडं छताकडे करून. किंवा थेट माळ्यावर, मूळ खोक्यात, वायरीची गुंडाळीसुद्धा न सोडलेली. आमच्याकडे कपाटावर होते. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला सेट. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि डीव्हीडी प्लेअर त्यातच बसवलेला. त्यातल्या दोघांनी इतक्या वर्षांत फक्त धूळ खाल्ली. बाकीच्यांतून वाजल्या केबलवरच्या मालिका आणि पेन ड्राइव्हवरची एमपीथ्री गाणी. म्हणजे पैसे पाच स्पीकरचे मोजले आणि आवाज ऐकला दोन चॅनलचा.

आता हे आठवायचं कारण काय? ठाण्यापासून कल्याणपर्यंत जुन्या इमारती धडाधड पुनर्विकासाला जातायत. भाड्याच्या घरात सामान हलवायच्या आधी घराघरात आवराआवर होते आणि त्यात पहिला बळी जातो तो या सेटचा. इमारतीखाली उभ्या असलेल्या भंगारवाल्याच्या गाडीवर नजर टाका. सबवूफरचा काळा खोका, डीव्हीडी प्लेअर, सीड्यांचं झिप लावलेलं पाकीट. सगळं किलोवर. आई म्हणते, ‘एवढं सगळं नेऊन ठेवायचं कुठे?’ आणि आपणही मान हलवतो, कारण आपल्या हातात फोन असतो आणि कानात इअरबड्स.

माझं म्हणणं एवढंच आहे की देऊ नका. निदान त्या सेटसाठी एक डिस्क स्वतः तयार करेपर्यंत तरी नाही. सहा चॅनलची, सराउंडची, त्याला जे वाजवायला बनवलंय ते वाजवायला लावणारी डिस्क. पुढे द्यायचाच ठरला तर खुशाल द्या.

‘डिस्क? आता?’ हो, आता. आणि मला जुन्या वस्तूंचं वेड आहे म्हणून नाही, अडचण तांत्रिक आहे. या जुन्या सेटना बहुतेक वेळा एचडीएमआयचं इनपुट नसतं. यूएसबी असलं तरी ते साधारणपणे एमपीथ्रीपुरतं. फोन ब्लूटूथने जोडला तर आवाज दोनच चॅनलचा जातो. मागे फार तर एक ऑप्टिकल नाहीतर कोअॅक्शियल खाच असते, तिच्यातूनही सहा चॅनल मोकळे जात नाहीत, डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये आवळून पाठवले तरच जातात. मग या सेटला सहा चॅनल भरवायचा सर्वांत सोपा रस्ता उरतो तो त्याच्या स्वतःच्या ट्रेचा. डिस्क घाला, प्ले दाबा.

घाई यासाठी की हा रस्ता आक्रसत चाललाय. आपल्या आधीच्या बॅचच्या मुलांच्या सॅकमध्ये मोझर बेअरची ब्लँक सीडी असायचीच. तेव्हा ‘बर्न कर’ असं कुणी म्हणायचं नाही, ‘राइट करून दे’ म्हणायचे. याच कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकून सिनेमाच्या बाजाराचे भाव पाडले होते. २०१८ मध्ये ती अवसायनात गेली. सोनीने रेकॉर्डेबल ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. नव्या लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्ह नसतोच. कोरी डीव्हीडी आज मिळते, बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर मिळतो. पण दुकानदार तो आता मागच्या फळीवरून, फुंकर मारून काढून देतो.

थोडं गणित करू, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑडिओ सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, चॅनल दोन. गुणाकार केला की १४,११,२०० बिट. सहा चॅनल तसेच टाकायचे तर तिप्पट जागा लागेल, आणि सीडीच्या चाकोरीत ती नाही. डीटीएसवाल्यांनी शक्कल अशी लढवली की सहा चॅनल आवळून बरोबर त्या दोन चॅनलच्या जागेत बसवायचे. प्लेअरला वाटतं, ही साधी स्टिरिओ सीडी आहे. तो निमूटपणे आकडे डिजिटल तारेतून पुढे ढकलतो. पुढचा डीटीएस ओळखणारा अॅम्प्लिफायर ते उलगडून सहा स्पीकरना वाटून देतो. आणि ही काही घरगुती जुगाडाची कल्पना नव्हती. १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’ आला तेव्हा डीटीएसच्या थिएटरांत डायनासोरची डरकाळी फिल्मच्या पट्टीवरून येत नव्हतीच. पट्टीवरून फक्त वेळेच्या खुणा वाचल्या जात होत्या आणि आवाज सीडी-रॉमवरून वाजत होता. थिएटरसुद्धा डिस्कवरच चाललं होतं!

या हुशार सीडीची एक खोड आहे आणि ती मी स्वतःच्या मार्कांवर शिकले. थर्ड इयरच्या ऑडिओ प्रोजेक्टला मी स्टेशनवरचे आवाज डीटीएस सीडीवर दिले. घरी वाजवून पाहिली होती, छान वाजत होती. कॉलेजच्या स्टुडिओतला प्लेअर साध्या लाल-पांढऱ्या तारांनी मिक्सरला जोडलेला. सरांनी प्ले दाबलं आणि सगळ्या खोलीत ‘खर्रर्र’. बंद पडलेल्या चॅनलची असते तशी खरखर, तीही पूर्ण आवाजात. कारण तिथे उलगडणारं कुणी नव्हतं, ते आवळलेले आकडेच आवाज म्हणून वाजले. सर म्हणाले, ‘बेटा, सीडी करप्ट आहे.’ सर, सीडी ठीक होती. पण चूक माझी. ज्यांना ऐकवायचं त्यांच्याकडे काय आहे हे मी विचारलंच नाही. स्टिरिओची एक कॉपी सोबत ठेवायला मला पाच मिनिटं लागली असती.

म्हणून डीटीएस सीडी करणार असाल तर पहिल्यांदा वाजवताना आवाज एकदम कमी ठेवा, अशी खरखर मोठ्याने वाजली तर छोटे स्पीकर दुखावू शकतात. सीडी राइट करताना ‘डेटा’ नाही, ‘ऑडिओ सीडी’ निवडा. सॉफ्टवेअर प्रेमाने विचारतं की गाण्यांचा आवाज एकसारखा करू का, दोन गाणी एकमेकांत मिसळू का. दोन्हीला नाही म्हणा. त्या आवळलेल्या आकड्यांतला एक जरी हलला तरी पुन्हा खर्रर्र.

मला विचाराल तर सीडीच्या नादी न लागता सरळ डीव्हीडी करा. डॉल्बी डिजिटल हा डीव्हीडी व्हिडिओच्या नियमांतलाच प्रकार आहे, त्यामुळे तो ओळखत नाही असा डीव्हीडी प्लेअर तुम्हाला सापडणं कठीण. आणि साध्या तारांवर डीव्हीडी लावली तर प्लेअर सहा चॅनल दोनांत मिसळून देतो, खरखर नाही करत. जागाही भरपूर. सेकंदाला ४४८ किलोबिटने एक तासाचा आवाज साधारण २०० एमबी होतो. डिस्क ४.७ जीबीची. चित्र म्हणून एखादा फोटो लावून ठेवलात तरी कित्येक तास मावतात. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर एफएफएमपेग जोडल्यावर सहा चॅनलची एसी-थ्री फाइल काढून देतं, डीव्हीडी स्टायलर तिची डिस्क बांधतं, इमगबर्न राइट करतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की डीव्हीडीला ४४,१०० चालत नाही, ४८,००० लागतं.

बरं, पण त्यावर टाकायचं काय? इथे बरेच जण गंडतात. नेटवर नावापुढे ५.१ लिहिलेल्या जुन्या गाण्यांच्या फाइल ढिगाने मिळतात. त्यातल्या पुष्कळशा स्टिरिओ गाणंच ताणून सहा चॅनलवर पसरवलेल्या असतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. ऑडॅसिटीत फाइल उघडा आणि मागचे दोन चॅनल तेवढे ऐका. पुढचंच गाणं जरा बारीक, जरा घुमल्यासारखं ऐकू आलं तर तुम्हाला बनवलंय. खऱ्या मिक्समध्ये मागे काहीतरी वेगळं चाललेलं असतं. खरं म्हणजे काय ते ऐकायचं असेल तर नॉर्वेची टू-एल ही रेकॉर्डिंग कंपनी आपल्या काही ध्वनिमुद्रणांचे ५.१ नमुने स्वतःच मोफत देते, वाद्यवृंदाच्या मधोमध बसवल्यासारखे. आणि घरात विकत घेतलेल्या डीव्हीडी असतातच. कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या खासगी वापरासाठी रास्त वापराची मुभा देतं. ती मित्रांना वाटायची किंवा विकायची नाही. कंपनीने डिस्कला घातलेलं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दल २०१२ च्या दुरुस्तीत वेगळं कलम आलंय, तेव्हा तिथे हात जपून घाला.

पण सगळ्यांत चांगला माल तुमच्या घरातच आहे. गणपतीची आरती आठवा. गाण्याच्या कार्यक्रमात सगळे एका बाजूला बसतात, आवाज समोरून येतो. आरतीला आपण गोल उभे असतो. टाळ एका कोपऱ्यात, झांज दुसऱ्या, काका मधूनच वरच्या पट्टीत घुसतात, लहान मुलं एक ओळ पुढे. सराउंड म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या घरातला शेवटचा गणपती होता. दिवाळीनंतर इमारत रिकामी करून द्यायची होती. मी घरातले चार फोन गोळा केले आणि हॉलच्या चार कोपऱ्यांत ठेवले. सगळ्यांवर एकच रेकॉर्डिंग अॅप, डब्ल्यूएव्ही फॉरमॅट, आवाज आपोआप कमीजास्त करणारी सेटिंग बंद. नाहीतर झांज वाजली की फोन घाबरून सगळाच आवाज खाली आणतो. फ्लाइट मोडसुद्धा. हे मी चौथ्या फोनवर विसरले आणि ‘घालीन लोटांगण’च्या ऐन वेळी मावशीचा फोन आला, तो आता कायमचा रेकॉर्डमध्ये आहे. सुरू करताना खोलीच्या बरोब्बर मध्ये उभं राहून एक खणखणीत टाळी द्यायची, शेवटी आणखी एक. पहिल्या टाळीवर चारही ट्रॅक जुळवायचे. दुसरी यासाठी की प्रत्येक फोनचं आतलं घड्याळ किंचित पुढेमागे चालतं आणि दहाएक मिनिटांत तो फरक कानाला जाणवण्याइतका वाढू शकतो.

पहिली डिस्क केली ती फसली, आणि मजेशीर फसली. मी चार ट्रॅक ओळीने लावले: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. पण सहा चॅनलच्या फाइलमध्ये तिसरी जागा मधल्या स्पीकरची असते आणि चौथी सबवूफरची, मागचे दोघे पाचवे आणि सहावे. आजीची खुर्ची मागच्या उजव्या कोपऱ्यात होती. सबवूफरच्या वाट्याला साधारण १२० हर्ट्‌झच्या खालचाच आवाज येतो. त्यामुळे आमची आजी, जिचा आवाज अजून जिन्यापर्यंत ऐकू जातो, ती बोगद्यातून लोकल येतेय तशी घुमायला लागली. आजी म्हणाली, ‘हा कोण गं बाप्या?’

दुसरी डिस्क नीट झाली. मधला स्पीकर आणि सबवूफर रिकामे सोडले, चार आवाज चार कोपऱ्यांत. ती लावली आणि बाबा सोफ्यावरून मागे वळून बघायला लागले. मागे आजीची खुर्ची नव्हती, ती आधीच भाड्याच्या घरी गेली होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा डाव्या मागच्या कोपऱ्यातून आली, जिथे आमचं स्वयंपाकघर होतं. फोनवर काढलेल्या व्हिडिओत हे सगळं आहे, पण तिथे ते समोरच्या एका फटीतून ऐकू येतं. बाबांना मग त्यांची नेहमीची गोष्ट आठवली. १९७५ साली मिनर्व्हाला ‘शोले’ ७० एमएमवर स्टिरिओफोनिक आवाजात लागला तेव्हा उडवलेलं नाणं खाली पडल्याच्या आवाजाने लोक खुर्च्यांखाली वाकून बघायचे, असं सांगतात. बाबा तेव्हा पाळण्यात होते, पण सांगतात मात्र स्वतः वाकल्यासारखे.

मागचे स्पीकर कुठे लावायचे हाही एक गैरसमज आहे. ‘आमच्या वन बीएचकेत सोफा भिंतीला टेकलेला, मागे जागाच नाही’ हे मी किमान सहा जणांकडून ऐकलंय. जागा लागतच नाही. पाच चॅनलच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत मागचे म्हणतात ते स्पीकर नाकासमोरच्या रेषेपासून साधारण ११० अंशांवर असतात. ९० म्हणजे बरोब्बर कानाच्या बाजूला. म्हणजे हे कानाच्या किंचितच मागे. सोफ्याच्या दोन टोकांना, बसल्यावर कानाच्या थोडे वर. पुढचे दोघे ३० अंशांवर. डोंबिवलीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतसुद्धा हे जमतं. कपाटावर मात्र नाही जमत.

‘पण माझ्या फोनवर अॅटमॉस आहे की.’ आहे, आणि काही गाण्यांत ते छानही वाजतं, मी नाही म्हणत नाही. पण ते हेडफोनमध्ये एकट्याच्या डोक्यात वाजतं. आजीच्या कानात इअरबड घालून ‘आजी, हे बघ तू मागून बोलतेयस’ असं मी करून पाहिलं. तिने तो काढून नीट पुसला आणि परत दिला.

एक खरं तेही सांगून टाकते. डिस्क म्हणजे तिजोरी नाही. राइट केलेल्या सीडी-डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन, उष्णता आणि आपल्याकडची चार महिन्यांची ओल यांनी खराब होतो. वर स्टिकर चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका. मूळ फाइल दोन ठिकाणी वेगळ्या ठेवा. डिस्क ऐकण्यासाठी.

जाता जाता एक मागणी आपल्या कॉलेजांकडेही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली किती मुलं मास मीडिया शिकतायत ते तुम्हीच आजूबाजूला मोजा. माझ्या तीन वर्षांत ऑडिओची सगळी प्रॅक्टिकल्स दोन चॅनलची झाली, आणि पुढे आम्ही म्हणे वेब सिरीज आणि सिनेमाच्या आवाजात काम शोधायचं! पाच स्पीकरचा स्टुडिओ बांधा असं कुणी म्हणत नाहीये. विद्यार्थ्यांच्याच घरातून भंगारात निघालेला एक सेट, एक यूएसबी रायटर, एक रिकामी वर्गखोली आणि सेमिस्टरला एक असाइनमेंट: तुमच्या घरातली पाच मिनिटं, सहा चॅनलमध्ये. पुढचा विद्यार्थी ‘करप्ट’ ठरायच्या आधी हे झालं तर बरं.

आमची इमारत आता पत्र्यांच्या आड गेलीय. सेट भाड्याच्या घरी आणलाय, पुढचे तिघे आणि सबवूफर जागेवर आहेत, मागचा डावा स्टुलावर उभा आहे. मागचा उजवा मात्र पुन्हा कपाटावर. त्या बाजूच्या भिंतीत खिळा मारायला घरमालक नाही म्हणतात, आणि दुसरं स्टूल आजीने देवाच्या फोटोंसाठी घेतलंय.